ह्यांच्यासाठी आणलेलं ग्रेपफ्रूट

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. हे पंचावन्न वर्षांचे आहेत, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. बीपी आणि शुगरच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत, गेल्या वर्षी कोलेस्टेरॉलचीही लागली. वजन ८२ किलो. थोरली मुलगी पुण्यात नोकरीला असते. मागच्या रविवारी येताना तिनं जाळीच्या पिशवीतून सहा ग्रेपफ्रूट आणली. म्हणाली, "बाबांना रोज सकाळी उपाशीपोटी अर्धं दे. वजन उतरतं, कोलेस्टेरॉल आणि शुगर दोन्ही खाली येतात." तीन दिवस दिलं. हे तोंड वाकडं करून खातात. सासूबाई म्हणतात, हे आपलं पपनसच, त्यात काय एवढं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बीपीच्या गोळीवर द्राक्षाचा रस चालत नाही, त्यांच्या मिस्टरांच्या गोळीच्या कागदावर तसं लिहिलंय. मग हे द्राक्षातलंच काही आहे का? नान्नजहून आमच्याकडे दरवर्षी द्राक्षाची पेटी येते, तीही बंद करायची का? शिवाय एका ग्रेपफ्रूटच्या पैशात किलोभर पेरू येतात, तर त्याच्यात खरंच एवढं काय असतं तेही सांगा. माझं विशेष काही नाही. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४ आलं, पण ते बायकांचं असतंच.

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई,

आधी आजचं काम सांगते, बाकीचं त्यानंतर सावकाश बोलू. उद्या सकाळपासून यजमानांना ग्रेपफ्रूट देऊ नका. त्यांच्या गोळ्या मात्र एकही चुकवू नका. फळ चालावं म्हणून गोळी बंद करायची, असा विचार घरात कुणाच्याही मनात येऊ देऊ नका. तीन दिवसांत मिळून दीड फळ पोटात गेलंय, तेवढ्यानं घाबरण्यासारखं काही नाही. पण मांड्या किंवा दंड विनाकारण दुखायला लागले, फार थकवा वाटला, लघवी काळपट झाली किंवा उठताना चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि ग्रेपफ्रूट खाल्ल्याचं आवर्जून सांगा. आपण होऊन सांगितलं नाही, तर हा प्रश्न विचारायचं कुणाला सुचेलच असं नाही.

आता नावाचा घोळ. तुमच्या शेजारच्या काकूंचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण हे मी सोलापुरात इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर एकदा सविस्तर लिहायचंच होतं. गोळीबरोबरच्या कागदावर इंग्रजीत ग्रेपफ्रूट असं छापलेलं असतं. ग्रेप म्हणजे द्राक्ष आणि फ्रूट म्हणजे फळ, म्हणून घरातलं शिकलेलं पोर आजोबांना सांगतं की द्राक्ष बंद. आपला जिल्हा द्राक्षाचा. सोनाका वाण नान्नजच्या मातीतलं, पंढरपूर-बार्शीकडे मैलोन् मैल बागा. तिथला शेतकरी स्वतःच्या बागेतला घड तोंडात घालायला घाबरतो आणि त्याच आठवड्यात पाहुण्यांनी कोकणातून आणलेलं पपनस मीठ लावून मजेत खातो. म्हणजे जे चालतं ते सोडलं आणि जे चालत नाही ते खाल्लं.

ग्रेपफ्रूटचा द्राक्षाशी काहीही संबंध नाही. हे लिंबू-संत्र्याच्या कुळातलं फळ. आग्नेय आशियातलं पपनस आणि गोड संत्रं वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर शेजारी शेजारी लागली, त्यांच्या संकरातून अठराव्या शतकात हे झाड आपोआप तयार झालं. फळं फांदीला एकेकटी न लागता द्राक्षाच्या घडासारखी झुबक्यानं लोंबतात, म्हणून तसं नाव पडलं म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं तसं खोटं नाही. पपनस हे ग्रेपफ्रूटच्या आईच्या जागी आहे, नातं अगदी सख्खं. पण "त्यात काय एवढं" हे मात्र मान्य करता येत नाही, कारण गोळ्यांच्या बाबतीत दोघांचा गुण एकच. गणपतीच्या दिवसांत पपनस घरात आलं, तरी यजमानांसाठी नियम तोच.

नान्नजची पेटी येऊ द्या. गोळ्यांमुळे द्राक्ष बंद करायचं कारण नाही. शुगर असल्यामुळे मात्र दहा-बारा मण्यांवर थांबायचं, आणि तेही जेवणावर न खाता मधल्या वेळी. काकूंनाही हे जरूर सांगा. त्यांच्या मिस्टरांनी किती वर्षं द्राक्ष तोंडात घातलं नसेल कोण जाणे.

गोळी आणि हे फळ यांचं नेमकं वाकडं कुठे, ते आता बघू. गोळी पोटातून लहान आतड्यात उतरली की सगळीच्या सगळी रक्तात जात नाही. आतड्याच्या अस्तरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ते जकात नाका म्हणून समजावते. शहराच्या वेशीवरचे जुने नाके ज्यांनी पाहिलेत त्यांना ते चटकन कळतं. औषधाचा काही भाग या नाक्यावरच मोडला जातो, आणखी काही पुढे यकृतात. उरलेलं रक्तात पोचतं. सिमव्हास्टॅटिन नावाची कोलेस्टेरॉलची गोळी आहे, तिचा तर शंभरातला पाचापेक्षाही कमी भाग पार होतो. गोळी किती मिलिग्रॅमची करायची ते ही वजावट धरूनच ठरलेलं असतं.

ग्रेपफ्रूटमध्ये आणि पपनसात फ्युरानोकौमारिन नावाची द्रव्यं असतात. ती आतड्यातला हा नाका बंद पाडतात, आणि तोही तास-दोन तासांसाठी नाही. विकर कायमचं निकामी होतं, शरीराला नवं तयार करावं लागतं. त्याला एक दिवस लागतो, पूर्ण भरपाई व्हायला कधी तीन दिवस. म्हणून "सकाळी फळ खाल्लं आणि गोळी रात्री घेतली तर?" या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. तुमच्या मुलीच्या मनात नेमकी हीच पळवाट येईल, म्हणून आधीच लिहिते. नाका बंद पाडायला एक अख्खं फळ किंवा पेलाभर रस एवढं पुरतं. नाका बंद असताना नेहमीचीच गोळी गिळली, तरी रक्तात दुपटीनं, तिपटीनं आणि काही औषधांच्या बाबतीत त्याहूनही जास्त औषध उतरतं. घेतली एकच गोळी, पण अंगात काम करतात तीन.

हे कळलं ते अपघातानं. १९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या बीपीच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं आणि माग काढता काढता बोट रसाकडे वळलं. १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते मांडलं. तोवर लोक बीपीच्या गोळ्यांबरोबर हा रस वर्षानुवर्षं पीत होते.

आता यजमानांची गोळ्यांची डबी काढा. गोळ्यांच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीनं दिलेलं नाव असतं, ते सोडा. त्याच्याखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. चष्मा लावूनही दिसलं नाही, तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. कोलेस्टेरॉलच्या गोळीवर सिमव्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन असेल, तर ग्रेपफ्रूट आणि पपनस पूर्ण वर्ज्य. आपल्याकडे जास्त करून ॲटोरव्हास्टॅटिन दिली जाते. तिच्यावरचा परिणाम त्या दोघींपेक्षा कमी आहे आणि रोज भरपूर रस पिणाऱ्यांनाच मोठा धोका असतो. तरीही रोजचा रतीब घालायचा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रोसुव्हास्टॅटिन असेल तर या नाक्याशी तिचं देणंघेणं नाही. बीपीच्या गोळ्यांत फेलोडिपिन आणि निफेडिपिन यांचं ग्रेपफ्रूटशी जमत नाही, बीपी एकदम खाली येऊ शकतं. ॲम्लोडिपिनवर फारसा फरक दिसलेला नाही, पण पत्रकात खबरदारी लिहिलेली आढळते. शुगरची मेटफॉर्मिन या नाक्यावर मोडलीच जात नाही, ती मूत्रपिंडावाटे तशीच बाहेर पडते. म्हणजे तिची काळजी या बाबतीत नाही.

तुमच्या घरापुरतं एवढं. पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी आणखी थोडं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असतं. त्यांनी या दोन फळांची फोडसुद्धा तोंडात घालू नये. हृदयाचे ठोके अनियमित असल्याबद्दल अमियोडारोन घेणाऱ्यांनीही नाही. आपल्याकडच्या धुळीनं शिंका येतात म्हणून फेक्सोफेनाडिन घेणारे पुष्कळ आहेत. तिथे उलटाच प्रकार होतो, रसाबरोबर घेतली तर औषध रक्तात कमी जातं आणि गोळी लागू पडत नाही. ती साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. यादी याहून बरीच मोठी आहे. म्हणून नवी गोळी सुरू झाली की मेडिकलवाल्याला नेमक्या याच शब्दांत विचारा, "ह्याच्यावर ग्रेपफ्रूट, पपनस चालतं का?" पपनस हा शब्द मुद्दाम घाला.

एवढ्या पोटतिडकीनं मी हे लिहितेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझे मामा टेक्सासला मुलाकडे सहा महिने राहायला गेले. घरामागे ग्रेपफ्रूटचं झाड होतं. रोज फोनवर कौतुक सांगायचे, लालभडक निघतंय, मीठ लावून दोन खातो म्हणून. मी म्हणाले, "खा की मामा, क जीवनसत्त्व भरपूर असतं." आहारशास्त्र शिकलेली भाची म्हणाल्यावर ते आणखी खायला लागले. त्यांना सिमव्हास्टॅटिन चालू आहे हे मला माहीत होतं. फोनवर बोलताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही. दीड महिन्यानं पाय इतके दुखायला लागले की जिना चढवेना. घरच्यांना वाटलं थंडीनं असेल, चालणं वाढलंय म्हणून असेल. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न फळाचा विचारला. फळ बंद झालं, गोळी काही दिवस थांबवून मग बदलली, महिन्याभरात मामा पूर्वीसारखे चालायला लागले. वेळेत कळलं म्हणून निभावलं. तेव्हापासून कुणीही फळाबद्दल विचारलं की मी आधी डबीबद्दल विचारते.

बरं, फळात आहे काय? तुमचा पैशाचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडेच देते. गुलाबी किंवा लाल गराच्या १०० ग्रॅम ग्रेपफ्रूटमध्ये सुमारे ८८ ग्रॅम पाणीच असतं. उष्मांक ४२. साखर ७ ग्रॅमच्या आत, तंतू दीड ग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम १३५ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ३१ मिलिग्रॅम. मध्यम आकाराचं अर्धं फळ खाल्लं तर क जीवनसत्त्व ३८ मिलिग्रॅमपर्यंत मिळतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० मध्ये रोजची शिफारस पुरुषांसाठी ८० आणि बायकांसाठी ६५ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. म्हणजे अर्ध्या फळात बाईची निम्म्याहून जास्त गरज भागते. गुलाबी गराला रंग येतो तो लायकोपीनमुळे. टोमॅटो आणि कलिंगडात असतं तेच हे. त्याच्या जोडीला बीटा कॅरोटीन असतं, शरीर त्याचं अ जीवनसत्त्व बनवतं. पांढऱ्या गराच्या फळात हे दोन्ही जवळजवळ नसतात. म्हणून घ्यायचंच असेल तर गुलाबी घ्यावं. कडवटपणा नरिंजिन नावाच्या द्रव्याचा. ते फोडीच्या पातळ पापुद्र्यात आणि सालीखालच्या पांढऱ्या थरात जास्त असतं.

फळ चांगलंच आहे. पाणीदार, कमी साखरेचं, पोटाला हलकं. पण आता शेजारी पेरू ठेवा. १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या घरात असतं, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या सहापट, आणि तंतू तिपटीनं. आवळा पेरूच्याही पुढे. लक्ष्मी मंडईत टोपलीत मांडलेला साधा पेरू क जीवनसत्त्वात या जाळीतल्या परदेशी फळाला कधीच मागे टाकतो. लायकोपीन हवं तर पिकलेला टोमॅटो आहे. शिजवल्यावर आणि थोडं तेल लागल्यावर त्यातलं लायकोपीन शरीराला जास्त मिळतं, म्हणजे आपली टोमॅटोची फोडणीची चटणी ते काम बिनबोभाट करते. आपलं डाळिंब मला जीव की प्राण. केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण खरं सांगायचं तर क जीवनसत्त्वासाठी डाळिंबाकडे बघू नका, ते त्यात बेताचंच असतं. त्याची किंमत त्याच्या दाण्यातल्या इतर द्रव्यांसाठी. एक फळ सगळ्याला पुरत नाही, म्हणून मंडईत फिरून ऋतूप्रमाणे पिशवी भरायची.

मुलीनं सांगितलेल्या तीन फायद्यांबद्दल. वजन उतरतं ही समजूत हॉलिवूडमधल्या जुन्या ग्रेपफ्रूट डाएटपासून चालत आलीय, १९३० च्या दशकापासून. चरबी जाळणारं काही या फळात नाही. २००६ मध्ये अमेरिकेत ९१ लठ्ठ व्यक्तींवर बारा आठवड्यांचा एक अभ्यास झाला. जेवणाआधी अर्धं फळ खाणाऱ्यांचं वजन सरासरी १.६ किलो उतरलं, त्याऐवजी नकली कॅप्सूल आणि सफरचंदाचा रस घेणाऱ्यांच्या गटाचं ०.३ किलो. नंतरच्या एका अभ्यासात तेवढंही दिसलं नाही. जेवणाआधी पोटात पाणीदार फळ गेलं की भाकरी अर्धी कमी जाते, यातलं बरंचसं तेवढंच. काकडी, गाजर, मुळा हेच काम करतात. कोलेस्टेरॉलवर यातल्या तंतूंचा थोडा उपयोग होतो, पण गोळी जेवढं करते त्याच्या जवळपास तो पोचत नाही. साखर रक्तात हळू चढते हे खरं. म्हणून इतर काही आड येत नसेल तर मधुमेहींना हे फळ चालतं. "चालतं" आणि "शुगर उतरवतं" यात फरक आहे. तो मुलीला प्रेमानं समजावा. ती बापाच्या काळजीनं पिशवी वाहून घेऊन आली, तिला बोल लावू नका.

यजमानांना ८२ किलोवरून खाली यायचंय ना? रात्रीच्या भाकरीवरची शेंगाची चटणी दोन चमच्यांवरून एकावर आणा, तिच्यावरचं तेल मोजून घाला आणि जेवणाआधी वाटीभर काकडी-मुळ्याची कोशिंबीर द्या. कारखान्यातून आल्यावर किल्ल्याच्या बागेत नाहीतर संभाजी तलावाकाठी अर्धा तास पायी फिरवा. उन्हाळ्यात पहाटे. यातलं काहीही गोळीच्या आड येत नाही.

सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांना एखादी गोळी चालू असेल तर वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू. नसेल आणि आंबट बाधत नसेल, तर दोन-चार फोडी पापुद्रा काढून द्यायला हरकत नाही. छातीत जळजळत असेल तर नको.

आता तुमचं.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझं विशेष काही नाही." ताई, त्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती याच ओळीची. ९.४ हिमोग्लोबिन हे विशेष आहे. बाईचं ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ९.४ मध्यम प्रकारात मोडतं. "बायकांचं असतंच" हे आपल्या आया म्हणत आल्या, कारण त्यांना कुणी तपासलंच नाही. चढ चढताना दम लागणं, दुपारी अंग मोडून येणं, केस गळणं, मान खाली घालून कामाला लागलं की डोकं दुखणं, यातलं काही होत असेल तर ते वयामुळे किंवा कामामुळेच असेल असं समजू नका. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. रक्त का कमी आहे ते त्यांना शोधू द्या. पाळीत जास्त जातं का, मूळव्याध आहे का, हे लाजून लपवू नका. ९.४ वर असताना नुसत्या आहारानं भागत नाही, लोहाच्या गोळ्या लागतात आणि त्या काही महिने न कंटाळता घ्याव्या लागतात.

आणि इथे त्या फळाचा खरा उपयोग आहे. आपल्या ताटात लोह नसतं असं नाही. १०० ग्रॅम बाजरीत साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास, ज्वारीत चारच्या आसपास असतं. मेथी, डाळ, शेंगदाणे त्यात भर घालतात. पण धान्य-भाजीतलं लोह आतडं सहज उचलत नाही, बरंचसं तसंच निघून जातं. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेलं, तर तेच लोह कितीतरी जास्त प्रमाणात रक्तात शोषलं जातं. त्याच जेवणात गेलं पाहिजे. सकाळी उपाशीपोटी खाल्लेल्या फळानं दुपारच्या भाकरीला काही मिळत नाही. उलट जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर चहातलं टॅनिन ते लोह अडवतं. आपल्याकडे बायका सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खातात आणि लगेच चहा टाकतात. चहा तासभर पुढे ढकला. हे एक केलं तरी पुष्कळ झालं.

तुम्ही पत्रात स्वतःच्या कुठल्या गोळीचा उल्लेख केलेला नाही. काही चालू असेल तर डॉक्टरांकडे जाताना तिचं नाव घेऊन जा आणि फळाचं विचारा. काहीच चालू नसेल, तर फ्रीजमध्ये उरलेली साडेचार ग्रेपफ्रूट तुमची आहेत. ह्यांच्यासाठी आणलेली असली तरी. लोहाची गोळी सुरू झाली तर तिच्याशी या फळाचं भांडण नाही, उलट जमतं.

खायची रीत सांगते, म्हणजे तोंड वाकडं करावं लागणार नाही. आडवं कापून चमच्यानं कोरून खायची पद्धत साहेबी. त्यात पापुद्रा तोंडात येतो आणि कडू लागतं. मोसंबीसारखं सोला, पांढरा थर पूर्ण काढा, प्रत्येक फोड फोडून आतला गर तेवढा वाटीत घ्या. त्यावर चिमटीभर मीठ. साखरेनं कडवटपणा नुसता झाकला जातो, मिठानं तो खरोखर कमी जाणवतो. वरून भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट, कोथिंबीर आणि अर्धी हिरवी मिरची घातली की कोशिंबीरच झाली. कडक भाकरी आणि मेथीच्या भाजीबरोबर ती फार छान लागते. गर शिजवू नका, उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं. रस काढू नका, तंतू गाळणीत राहतात आणि एका पेल्यात दोन फळं कधी संपतात ते कळत नाही. डब्यातला तयार रस तर नकोच, त्यात वरून साखर घातलेली असू शकते. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नका, नुसती चूळ भरा. दातावरचा थर तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो.

ही साडेचार संपली की पुन्हा पुण्याहून मागवायची गरज नाही. तुमच्या जेवणात रोज अर्धा पेरू नाहीतर एक आवळा ठेवा. पेरूचा हंगाम सरला तर वरणावर, भाजीवर लिंबू पिळा, गॅसवरून उतरवल्यानंतर. मुलगी पुढच्या वेळी काय आणू म्हणाली, तर तिला सांगा, पिशवी नको, एक दिवसाची रजा काढून ये आणि मला डॉक्टरांकडे घेऊन चल.

जेवायला मात्र ह्यांच्याबरोबरच बसा, मागून नको. गरम भाकरी, कोशिंबीर, मग तासानं चहा. महिन्यानं पुन्हा रक्त तपासाल तेव्हा आकडा मला कळवा, मी वाट बघेन.